निवृत्तीसाठी सल्लागार गाठायचाय? आधी घरची वही उघडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शेड आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग आम्ही करून देतो. जॉबवर्कवाल्याला पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि पेन्शन तर नाहीच. हात चालतोय तोवर घर चालतं. तरीही वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत म्हातारपणाचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "तीन पॉलिस्या हाईत की."

त्या पॉलिस्या तालमीतल्या एका ओळखीच्या माणसानं तीन वेगवेगळ्या मार्च महिन्यांत माझ्या गळ्यात मारल्या होत्या. दर वेळी कारण एकच, टॅक्स वाचतो. त्यातली एक पुढं सल्लागारानं कागदावर उलगडून दाखवली. वर्षाला २४,००० रुपये, २० वर्षं, शेवटी हातात येणार साधारण ८ लाख ३० हजार. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण वार्षिक परतावा बसतो जेमतेम ५ टक्के. महागाई ६ टक्क्यांनी पळत असेल तर मी २० वर्षं उलटा चालत होतो.

आज माझं वय ५८. मधल्या काळात काही चुका झाल्या, थोडे पैसे गेले आणि काम कसं करून घ्यायचं ते कळलं. ते क्रमानं सांगतो. उदाहरणं माझ्या घरची आहेत, पण नोकरदारालाही, ऊसवाल्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी वही

पहिल्या भेटीत प्रश्न येणार: घरखर्च महिन्याला किती? मी ठोकून दिलं, पंचवीस हजार. शेजारी बसलेली बायको नुसती हसली. घरी आल्यावर तिनं फडताळातली वही काढली आणि आम्ही मागचे तीन महिने मांडले. आकडा आला ४१,०००. किराणा, दूध, गॅस, लाईट बिल एवढंच मी धरलं होतं. रविवारचं मटण, अचानक येणारे पाहुणे, लग्नकार्यातला आहेर, मंडळाची वर्गणी, आषाढातली टेंबलाईची जत्रा, चैत्रात जोतिबाला जाणं, गाड्यांचे विमे, आईची औषधं हे सगळं माझ्या हिशेबातून गळलं होतं. कोल्हापुरात राहून आल्यागेल्याचा खर्च धरायचाच नाही, हे म्हणजे रस्सा सोडून मटणाचा हिशेब.

म्हणून सल्लागाराला फोन करण्याआधी तीन महिन्यांचा खर्च लिहून काढा. यूपीआयचं स्टेटमेंट काढलं की निम्मं काम तिथंच होतं. वर्षातून एकदा येणारे खर्च बेरीज करून बाराने भागा आणि महिन्यात मिसळा. मग तीन खुणा करा: निवृत्तीनंतर थांबणारे खर्च, तसेच राहणारे आणि वाढणारे. पोरांची फी थांबते, डॉक्टर वाढतो. कामावर जायचं पेट्रोल वाचतं, पण रिकाम्या माणसाचा फिरण्याचा खर्च वाढतो, तो धरा.

दुसऱ्या पानावर काय आहे आणि काय देणं आहे ते. एका फाइलमध्ये हे कागद गोळा करा:

- बँकांची पासबुकं, एफडीच्या आणि पतसंस्थेच्या पावत्या, पोस्टाची खाती, पीपीएफ
- म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट; पॅन आणि ईमेल देऊन ते कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवरून मागवता येतं
- सगळ्या विमा पॉलिसी, अगदी बंद पडलेल्यासुद्धा
- नोकरदार असाल तर पीएफचं पासबुक, एनपीएसचं स्टेटमेंट
- सातबारा, घराचे कागद, कर्जांचे हप्ते
- हातउसने दिलेले, हातउसने घेतलेले आणि भिशी

आणि ज्याची फाइल नसते ते एक देणं. आमच्या सल्लागार बाईंनी दुसऱ्या भेटीत सहज विचारलं, "काका, कुणाला जामीन आहात का?" मी बायकोकडं बघितलंच नाही. एका मित्राच्या पतसंस्थेतल्या चार लाखांच्या कर्जाला मी जामीनदार होतो आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. आपल्याकडं सहीला नाही म्हणता येत नाही. पण कर्जदार थकला की नोटीस जामीनदाराच्या दारात येते, तेव्हा ती सही देण्याच्या बाजूलाच लिहायची.

नोकरदारांनी पेन्शनचा आकडा अंदाजानं धरू नये. कारखान्यातल्या किंवा फाउंड्रीतल्या कामगाराला मिळते ती ईपीएस-९५ ची पेन्शन. तिच्यात पेन्शनयोग्य पगार सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त १५,००० धरतात, त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. ३५ वर्षं धरली तरी ७,५०० रुपये होतात. सप्टेंबर २०१४ आधीच्या नोकरीचा हिशेब ६,५०० च्या मर्यादेनं होत असल्यानं जुन्या माणसांची रक्कम त्याहून कमी येते. शिवाय ती महागाईप्रमाणे वाढत नाही. राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती, त्यामुळे आपण नेमके कोणत्या योजनेत आहोत हे ऑफिसातून लेखी घ्या. चहाच्या टपरीवरची माहिती इथं चालत नाही.

कोण कशावर जगतो

मला हे सगळ्यात उशिरा कळलं. सल्ला देणाऱ्याचं घर कोणाच्या पैशावर चालतं, हे माहीत असल्याशिवाय सल्ला कसा घ्यायचा ते कळत नाही.

विमा एजंटला कमिशन मिळतं आणि पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून ते घसघशीत असतं. बँकेतला टाय लावलेला मुलगा तुमच्या खात्यातली शिल्लक बघून फोन करतो, त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचा आवाज जास्तच गोड होतो. म्युच्युअल फंड वितरकाकडं एआरएन हा नोंदणी नंबर असतो. तो तुमच्याकडून थेट काही घेत नाही, पण त्याच्यामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनमधून त्याला दरवर्षी कमिशन मिळत राहतं. सीए टॅक्स बघतो, त्याच्याकडून सगळ्या आराखड्याची अपेक्षा ठेवू नये.

पाचवा प्रकार आपल्याकडं फार कमी लोकांना ठाऊक आहे: सेबीकडं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं, नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार. सेबीचे याबाबतचे नियम २०१३ चे. हा माणूस फी घेतो आणि तुम्हाला दिलेल्या सल्ल्यावर कुठल्याही कंपनीकडून कमिशन घेऊ शकत नाही. एकाच कुटुंबाला सल्लाही विकायचा आणि कमिशनवर योजनाही विकायच्या, याला २०२० पासून मनाई आहे. नुसत्या वितरकानं 'स्वतंत्र आर्थिक सल्लागार' किंवा 'वेल्थ अॅडव्हायजर' अशी पाटी लावणंही नियमात बसत नाही. पाट्या तरी दिसतात, तो भाग वेगळा.

फीची कमाल मर्यादाही ठरलेली आहे. ठरावीक रकमेची फी असेल तर एका कुटुंबाला वर्षाला १,५१,००० रुपयांपर्यंत आणि टक्केवारीनं असेल तर सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या २.५ टक्क्यांपर्यंत. ही वरची हद्द झाली, साध्या घराला एवढी फी पडू नये. मी पहिल्या वर्षी १८,००० दिले. देताना हात आखडला होता, खोटं कशाला बोलू. पण दुसरी बाजू मांडून बघा. रेग्युलर आणि डायरेक्ट (वितरकाशिवाय थेट घेतलेल्या) प्लॅनच्या खर्चात ०.८ टक्क्याचा फरक असेल आणि तुमचे २५ लाख त्यात असतील, तर वर्षाला २०,००० रुपये जातातच. खिशातून जाताना दिसत नाहीत, एवढंच. डायरेक्ट प्लॅन जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत.

म्हणून वितरक वाईट असं मी म्हणणार नाही. महिन्याला दोन हजारांची एसआयपी करणाऱ्या पोराला दहा-पंधरा हजारांची फी परवडत नाही. त्याच्यासाठी सचोटीचा, बाजार पडल्यावर फोन उचलणारा वितरक पुष्कळ झाला. साठलेली रक्कम वीस-पंचवीस लाखांच्या पुढं गेली किंवा निवृत्ती दहा वर्षांवर आली, की फीवाला सल्लागार बघावा, असं माझं मत.

नोंदणी तपासा, दुकान नको

कार्डावरचा नंबर बघा. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या वेबसाइटवर नोंदणीकृत मध्यस्थांची यादी आहे. तिथं नाव टाकून क्रमांक, पत्ता जुळतो का ते बघा. वितरकाचा एआरएन अॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या वेबसाइटवर तपासता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. राजारामपुरीतलं चकचकीत ऑफिस, भिंतीवरचे सत्काराचे फोटो, दारातली गाडी यातून काहीच सिद्ध होत नाही. गावात मनासारखा कुणी सापडला नाही तर पुण्या-मुंबईचा सल्लागार व्हिडिओ कॉलवर काम करतो. फक्त त्याला आपली कमाई कशी येते हे समजलं पाहिजे, त्याविषयी पुढं सांगतो.

निवृत्तीच्या वेळी हातात येणाऱ्या एकगठ्ठा रकमेवर बऱ्याच जणांचा डोळा असतो. महिन्याला पाच टक्के देतो म्हणणारा वर्षाला साठ टक्के देतो म्हणत असतो. एवढं कुठल्या धंद्यात सुटतं हे उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडवाल्याला विचारा. माझ्या एका नात्यातल्या माणसानं रिटायरमेंटचे अकरा लाख अशाच एका योजनेत घातले होते. पहिले चार महिने व्याज वेळेवर आलं, त्या जोरावर त्यानं मेहुण्यालाही आणलं. पाचव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. परताव्याची हमी देणाऱ्यापासून उठून यायचं, मग तो पाहुणा असला तरी.

पहिली भेट

नवरा-बायकोनं एकत्र जा. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडं बाप्ये एकटेच जातात आणि घरी येऊन निम्मंच सांगतात. आकडेवारी बघितली तर बहुतेक घरांत शेवटची काही वर्षं बाईच एकटी काढते. पैसा तिच्यासाठीच उरवायचा असतो, आणि तिलाच त्यातलं काही माहीत नसतं.

पहिल्या भेटीत हे प्रश्न सरळ विचारा. तुमची फी किती, कशाची, कधी द्यायची? माझ्या पैशातून आणखी कुठून तुम्हाला काही मिळतं का? तुमच्याकडं माझ्यासारखी, म्हणजे धंदेवाईक किंवा शेतीवाली घरं किती आहेत? मी तुमचा सल्ला ऐकला नाही तर काय? तुम्ही आजारी पडलात तर माझी फाइल कोण बघणार? शेवटचा प्रश्न विचारल्यावर आमच्या बाई दोन मिनिटं थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे काका, पुढच्या वेळी लेखी देते." दिलं. तिथं माझा विश्वास बसला.

त्यांनी काय विचारलं यावरही लक्ष ठेवा. नोंदणीकृत सल्लागाराला तुमची जोखीम घेण्याची ताकद तपासावी लागते आणि लेखी करार करावा लागतो. त्याआधी सल्ला सुरू झाला तर काहीतरी चुकतंय. पहिल्या अर्ध्या तासात योजनेचं नाव तोंडातून आलं तर चहा संपवा आणि निघा. जोखमीचा फॉर्म भरताना मर्दुमकी दाखवू नका. 'बाजार ३० टक्के पडला तर काय कराल' या प्रश्नाला मी 'आणखी घेईन' वर खूण केली होती. बायको म्हणाली, "अहो, मागच्या वर्षी पाच टक्के पडला तर तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता." खूण बदलली.

आकडा कसा निघतो

सल्लागार आकडा सांगेल. तो कसा आला हे आपल्याला कागद-पेन्सिलनं मांडता आलं पाहिजे. आमचा असा निघाला.

खर्च ४१,०००. त्यातून पोराच्या कॉलेजचे ६,००० वजा, औषधपाण्याचे ३,००० वाढवले, राहिले ३८,०००. मी ४९ चा होतो, साठीला ११ वर्षं. ६ टक्के महागाईनं ११ वर्षांत खर्च १.९ पट होतो, म्हणजे महिन्याला ७२,०००. माझा विश्वास बसेना. बाईंनी विचारलं, "बारा वर्षांपूर्वी तांबडा-पांढऱ्याचं ताट केवढ्याला होतं?" वाद मिटला.

शेड भाड्यानं दिलं तर साठीला महिन्याला २०,००० सुटतील असं धरलं. उरले ५२,०००, वर्षाचे ६ लाख २४ हजार. हे ८५ व्या वर्षापर्यंत, म्हणजे २५ वर्षं पुरवायचे. निवृत्तीनंतर पैसा ७ टक्क्यांनी वाढेल आणि खर्च आणि शेडचं भाडं दोन्ही ६ टक्क्यांनी वाढतील असं धरलं, तर वर्षाच्या गरजेच्या साधारण २२ पट रक्कम साठीला हातात लागते. ६.२४ गुणिले २२, म्हणजे सुमारे १ कोटी ३७ लाख.

तेव्हा आमच्याकडं पीपीएफ, एफडी, थोडे फंड मिळून ३८ लाख होते. ८ टक्क्यांनी ११ वर्षांत त्यांचे साधारण ८८ लाख होतात. तूट ४९ लाखांची. ती भरायला १० टक्के परतावा धरून महिन्याला सुमारे २०,००० ची एसआयपी.

यातली प्रत्येक टक्केवारी अंदाज आहे. म्हणून सल्लागाराला सांगा की परतावा दोन टक्क्यांनी कमी धरून हेच गणित पुन्हा मांडा. जो कंटाळतो त्याच्याकडं जाऊ नका.

आपला पैसा गठ्ठ्यानं येतो

पुस्तकातली एसआयपी दर महिन्याच्या पाच तारखेला पगार होणाऱ्यासाठी असते. आपल्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं बिल हंगामात, आणि जॉबवर्कचे पैसे पार्टीच्या मर्जीनं येतात. माझी पहिली एसआयपी तीन महिन्यांत दोनदा बाउन्स झाली. मग उपाय असा निघाला: मोठं बिल आलं की ते लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लगेच पैसे काढता येणारा फंड) टाकायचं आणि तिथून ठरावीक रक्कम दरमहा इक्विटी, म्हणजे शेअर्सच्या फंडात आपोआप सरकवायची. याला एसटीपी म्हणतात. ऊसवाल्यांना ही पद्धत एकदम चपखल बसते, कारण बिल आल्यावर ते खात्यात राहिलं की ट्रॅक्टरचे विचार सुरू होतात.

आपत्कालीन रक्कम नोकरदाराला सहा महिन्यांची सांगतात, धंदेवाल्यानं वर्षाची ठेवावी. घर शाहूपुरीच्या सखल भागात. ऑगस्ट २०१९ ला पाणी आलं, जुलै २०२१ ला पुन्हा आलं. दोन्ही वेळा लिक्विड फंडानं हात दिला, एसआयपी मोडावी लागली नाही.

पतसंस्थेविषयी थोडं कडू बोलतो. तिथला संचालक आपला माणूस असतो, व्याज अर्धा-एक टक्का जास्त असतं, आणि लोक निवृत्तीची सगळी पुंजी तिथं ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचा विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्था बुडते असं मी म्हणत नाही. पण म्हातारपणाचा निम्म्याहून जास्त पैसा विम्याबाहेर ठेवू नये, हे पाहुण्याच्या तोंडावर सांगायला सल्लागाराचं नाव पुढं करा. फी अशीही वसूल होते.

सोनं आणि जमीन यावर बाईंचं आणि माझं वाजलं होतं. बायकोचा साज, पाटल्या त्यांनी मालमत्तेच्या बेरजेतून बाहेर काढल्या. म्हणाल्या, "काकू हे मोडणार नाहीत, मग मोजायचं कशाला?" गुजरीत, सराफाकडं मोडायला गेलं की घडणावळ जाते ती जातेच, त्याहून घरात जे वादळ होतं ते वेगळं. पटलं. जमिनीचं मात्र पटलं नाही. वीस गुंठे विकून फंडात घालावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. आजोबांनी राखलेली आहे. मग त्यांनी ती वाट्यानं दिल्यावर खर्च जाऊन जे हातात येतं तेवढंच उत्पन्नात धरलं आणि जमिनीची किंमत शून्य लिहिली. सल्लागारानं आपला हट्ट मान्य करावा, पण त्याची किंमत कागदावर दाखवावी. शून्य बघून वाईट वाटलं, तेही योग्यच.

क्रम चुकवू नका

आधी महागडं कर्ज फेडा, मग आपत्कालीन रक्कम, मग आरोग्य विमा, शेवटी गुंतवणूक. आरोग्य विमा पन्नाशीच्या आत घ्या. एप्रिल २०२४ पासून ६५ नंतरही नवीन पॉलिसी मिळू शकते, पण हप्ता मोठा पडतो आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं संरक्षण आहे. आईचं कार्ड आम्ही काढून घेतलं.

जुन्या पॉलिस्यांचं काय करायचं हा प्रत्येक घरातला प्रश्न. सरसकट मोडू नका. प्रत्येकीची तीन उत्तरं मागा: चालू ठेवली तर, पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवली) तर, आत्ता मोडली तर. माझ्या तीनपैकी दोन पेड-अप केल्या, एक चार वर्षांत संपणार होती ती पूर्ण केली. आणि नवीन पॉलिसी चुकून घेतलीच असेल तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

साठीनंतर महिन्याचा पैसा कुठून येणार, हे पाच वर्षं आधी ठरवा. पहिल्या चार-पाच वर्षांचा खर्च बाजारात ठेवायचा नाही. निवृत्त झालो आणि त्याच वर्षी बाजार आपटला, तर पडत्या भावात युनिट विकून घरखर्च भागवावा लागतो आणि ते खड्डे पुन्हा भरत नाहीत. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे: माणशी ३० लाखांपर्यंत, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. ८.२ टक्के दरानं ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि खातं उघडतानाचा दर मुदतभर कायम राहतो. पोस्टाची मासिक योजना एकट्याला ९ लाख, जोडखात्यात १५ लाखांपर्यंत. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी पुन्हा विचारा. राहिलेली रक्कम पुढच्या वीस वर्षांसाठी आहे, तिला वाढायला इक्विटी लागतेच. सगळं पोस्टात टाकून मोकळं होणाऱ्यांची सत्तरीनंतर ओढाताण होते.

पैसे हलवताना

चेक कायम फंडाच्या किंवा योजनेच्या नावानं. सल्लागाराच्या नावानं फक्त त्याची फी, तीही चेकनं किंवा ऑनलाइन, रोख कधीच नाही आणि पावती घेऊन. ओटीपी, पासवर्ड, कोरे सही केलेले फॉर्म कुणालाही नाहीत. 'काका, तुम्हाला त्रास नको, मीच करतो' हे वाक्य प्रेमानं आलं तरी शेजारी बसून स्वतःच्या मोबाइलवर करा. दोनदा केलं की जमतं. माझ्यासारख्या दहावीवाल्याला जमलं.

वर्षातून एकदा

आम्ही गुढीपाडव्याच्या आठवड्यात बसतो. नवं आर्थिक वर्ष त्याच सुमारास लागतं. तासाभराचं काम: वही अद्ययावत आहे का, खर्च किती वाढला, ठरल्या मार्गावर आहोत की मागं पडलोय, इक्विटीचं प्रमाण ठरल्यापेक्षा फार वाढलं असेल तर थोडं काढून सुरक्षित जागी. मधल्या काळात बाजार पडला म्हणून फोन करायचा नाही. मार्च २०२० मध्ये मी केला होता. बाईंनी फक्त विचारलं, "काका, पैसे कधी लागणार आहेत?" मी म्हटलं, आठ वर्षांनी. "मग आठ वर्षांनी बोलू."

सल्लागार दर दोन-तीन महिन्यांनी हे विका ते घ्या म्हणत असेल, फोन उचलत नसेल, किंवा फी सोडून भलत्याच गोष्टी विकायला लागला असेल तर सोडा. गुंतवणूक तुमच्या नावावर असते, त्यामुळे सोडताना अडत काही नाही. फसवणूक वाटली तर सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर तक्रार करता येते. कागद, मेसेज, पावत्या जपून ठेवलेल्या असल्या की तक्रारीला वजन येतं.

घरच्यांसाठी एक पान

शेवटचं काम बहुतेक सल्लागार सांगतात आणि बहुतेक घरं टाळतात. सगळ्या खात्यांवर नॉमिनी लावा. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो रक्कम ताब्यात घेतो, हक्क कायदेशीर वारसांचाच राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केलं. भावाभावांत वाटणीचे दिवाणी दावे किती वर्षं चालतात ते आपल्याकडं सांगायला नको, म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी.

आणि एक पान. कुठल्या बँकेत काय, कुठल्या फंडात काय, विम्याचे नंबर, लॉकर, कुणाकडून येणं, कुणाला देणं, सल्लागाराचा फोन. पासवर्ड त्यावर लिहायचे नाहीत. हे पान तिजोरीत ठेवू नका, कारण तिजोरीची किल्ली कुठं आहे ते त्या पानावरच लिहिलेलं असतं. आमचं देवघराच्या खालच्या खणात असतं. दर पाडव्याला नवीन लिहायचं आणि जुनं फाडायचं. यंदा सुनेनं लिहिलं, तिचं अक्षर बरं आहे. जामिनाची ओळ तिनं लाल शाईनं लिहिली होती. मित्राचं कर्ज मे महिन्यात फिटलं, तेव्हा ती खोडायला तिनं मलाच बोलावलं.